माझे दोन जास्तीचे इंच

मी एक जुनी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात लोंबते ना, मापं घ्यायची, तीच. एका अंगाने पिवळी, दुसऱ्या अंगाने पांढरी. मित्रांनो, आपली हकिगत सांगताना जुन्या वस्तू बहुधा आधी आपलं कौतुक सांगतात. मी आधी माझी चूक सांगते, कारण माझी सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे. मी खोटं मोजते. कित्येक वर्षं खोटं मोजत होते, आणि तरीही माझ्यामुळे कुणाचा कपडा बिघडला नव्हता. बिघडला तो एकदाच.

माझा जन्म एका छोट्या कारखान्यात झाला. सुती फितीवर प्लास्टिकचा पातळ लेप चढवला, रुळाखालून फिरवून आकडे छापले आणि दोन्ही टोकांना पितळी टोप्या ठोकल्या. एका माणसाने मला पोलादी पट्टीशेजारी ठेवून पाहिलं. माझे साठ इंच साठच भरले. त्याने मान हलवली आणि मला गठ्ठ्यात टाकलं. मला कुणीतरी मोजण्याची ती पहिली वेळ. दुसरी वेळ यायला बावीस वर्षं लागली.

पनवेलला उरण नाक्याच्या बाजूच्या गल्लीत जगन मास्तरांचं दुकान आहे. दोन शिलाई मशिनं, एक लांब टेबल, भिंतीवर खिळा. त्या खिळ्यावर मी रात्री असायचे आणि दिवसभर मास्तरांच्या गळ्यात. त्यांचा घाम मी प्यायले, खडूची भुकटी खाल्ली. माप घेताना ते मला ताणून धरायचे, विचार करताना माझी दोन्ही टोकं हातात घेऊन ओढत बसायचे. कापड आणि प्लास्टिक किती दिवस ओढ सोसणार? मी लांबत गेले. रोज इतकी थोडी, की मलाही कळलं नाही. पण आकडे माझ्यावरच छापलेले असल्यामुळे तेही माझ्याबरोबर एकमेकांपासून दूर सरकत गेले. माझ्यावरचा एक इंच आता खऱ्या एका इंचापेक्षा मोठा झाला होता, म्हणून कुणालाही मापलं की आकडा कमी यायचा.

एक बाई दरवर्षी न चुकता मास्तरांकडेच ड्रेस शिवायला यायच्या. "रेडिमेडमध्ये मला अडतीस लागतं, तुमच्याकडे सदतीसच भरतं," असं म्हणून खूश व्हायच्या.

"रेडिमेडवाले काय वाटेल ते लिहितात," मास्तर म्हणायचे.

ड्रेस मात्र त्यांना अगदी नीट बसायचा. त्याचं कारण मास्तरांचा एक नियम. आपली टेप दुसऱ्याला द्यायची नाही आणि दुसऱ्याची आपण घ्यायची नाही. शेजारच्या रफूवाल्याने कितीदा मागितली, पण मास्तर स्वतः उठून जायचे, त्याचं कापड मापून, कापूनच द्यायचे आणि मला गळ्यात घालून परत यायचे. लोक याला चिकटपणा म्हणत.

मग तयार कपड्यांचे दिवस आले. मोठी दुकानं झाली, मोबाईलवरून कपडे घरपोच यायला लागले. मास्तरांकडे उरलं ते जीन्स आखूड करणं आणि चेन बदलणं. मी कधी कधी चार-चार दिवस खिळ्यावरून उतरत नसे. माझ्या एका पितळी टोपीला हिरवट थर चढला. आपलं काम संपलं, असं मला तेव्हा खरंच वाटत होतं.

त्याच सुमारास कीर्ती आली. ती करंजाडेला राहते आणि तिने भौतिकशास्त्रात पदवी घेतली आहे. तिला दोन वेडं. एक जुन्या कपड्यांचं. कुणाच्या कपाटातला चाळीस वर्षांपूर्वीचा कोट, कुणाच्या लग्नातली जरीची किनार, असं काहीबाही शोधून ती नव्याने शिवायची आणि घालायची. दुसरं वेड उद्याच्या कपड्यांचं. उष्णतेने रंग बदलणारं कापड, नाडीचे ठोके मोजणारा सदरा, असलं सगळं ती मास्तरांना मोबाईलवर दाखवायची. मास्तर चष्मा वर करून बघायचे.

"उद्या कपडेच शिंप्याचं माप घेतील," ते म्हणायचे. पण दुपारी रिकामं असणारं दुसरं मशीन त्यांनी तिला वापरायला दिलं.

एके दिवशी गुणाबाई दुकानात आल्या. त्या उरणकडच्या कोळीवाड्यातल्या. पहाटे बंदरावर मासळी घेऊन पनवेलच्या बाजारात विकायची, हा त्यांचा तीस वर्षांचा परिपाठ. काखेत एक गाठोडं होतं. सोडलं तर आतून तांबूस, जाड, खारट वासाचं कापड निघालं.

"आमच्या होडीचं शीड हाय," त्या म्हणाल्या. "होडी मोडीत गेली. शिडाचं अर्धं उंदरांनी खाल्लं. एवढंच शाबूत रायलं. याचं जाकीट कर मना."

आजवर मासळीवाल्या बाया मिळून टेम्पोने यायच्या. टेम्पोवाल्याने धंदा बंद केला. गुणाबाईंनी विजेवर चालणारी स्कूटर घेतली होती आणि सोमवारपासून त्या स्कूटरने येणार होत्या. घरी मात्र त्यांचे मालक, बुधाजी, अडून बसले होते. त्या रस्त्याने दिवसरात्र कंटेनर धावतात. काळोखात कंटेनरवाल्याला तू दिसशील का, एवढा एकच प्रश्न ते रोज विचारत. शीड द्यायलाही ते मोठ्या नाखुशीने तयार झाले होते. आयुष्यभर वारा धरलेलं कापड कातरीखाली जाणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

कीर्तीने आपल्या पेटीतून राखाडी कापड काढलं. ते दिसायला साधं, पण त्यावर काचेचे अतिशय बारीक मणी बसवलेले असतात आणि अंगावर पडलेला उजेड ते जिथून आला तिथेच परत पाठवतात. "मावशी, याच्या पट्ट्या लावूया. ट्रकवाल्याला लांबून दिसाल."

गुणाबाईंनी ते कापड बोटांनी चाचपलं आणि बाजूला सारलं. "रस्ता खोदनाऱ्यांच्या अंगावर असतात तसल्या पट्ट्या? नको गो. मी बाजारात बसते ती नटून बसते. जाकीट शिडाचंच हवं, दुसरं काय नको."

त्यांच्या केसांत अबोलीचा गजरा होता, कानात सोन्याच्या कुड्या होत्या आणि लुगड्याची घडी चाकूने कापल्यासारखी सरळ होती. कीर्तीने राखाडी कापड परत पेटीत ठेवलं.

ती मोबाईलने माप घ्यायला गेली. समोर उभं राहिलं की फोटोवरून तो सगळी मापं काढून देतो. पण काष्ट्याच्या लुगड्यापुढे तो गोंधळला.

"घट्ट कपडे घालून उभं राहायला सांगतोय," कीर्ती चाचरत म्हणाली.

"या वयात? त्याला म्हनावं, तोंड सांभाळून बोल."

मास्तर त्या आठवड्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी गेले होते. दुकानाची किल्ली कीर्तीकडे होती. तिने भिंतीकडे पाहिलं आणि मला खिळ्यावरून काढलं. नियम तिला ठाऊक होता, पण तो तिला जुन्या माणसाचा हट्ट वाटत होता. शिवाय मी दुकानाबाहेर कुठे जात होते? छाती पंचेचाळीस, बाही एकवीस. तिने आकडे लिहून घेतले. फार दिवसांनी माणसाच्या उबेला लागल्याचा मला इतका आनंद झाला होता, की तो खोटा आकडा माझ्या तोंडून निघतोय हे माझ्या मनातही आलं नाही.

पुढचं सगळं तिने फार काळजीने केलं. शीड आधी दोनदा धुऊन वाळवलं, म्हणजे नंतर आटायला नको. संगणकावर जाकिटाचा नमुना आखला, कागदावर छापून घेतला. कापड कमी होतं म्हणून घेर बेताचाच ठेवला. मग तिने कातर चालवली. मी खिळ्यावरून पाहत होते. या वेळी कापडावर मला कुणी ठेवलंच नाही.

शनिवारी गुणाबाई बुधाजींना घेऊन आल्या. जाकीट अंगात घातलं. चेन पोटापर्यंत चढली आणि छातीशी अडली. श्वास रोखून ती कशीबशी लागली. कीर्ती म्हणाली, स्कूटर धरल्यासारखे हात पुढे करा. चेन सुटली. बाह्याही मनगटाच्या वरच राहिल्या होत्या.

बुधाजी बाकावर बसून होते. ते शांतपणे म्हणाले, "गेलं शीड."

गुणाबाईंनी जाकीट उतरवून टेबलावर ठेवलं, त्यावरून एकदा हात फिरवला. त्या रागावल्या असत्या तर कीर्तीला बरं वाटलं असतं. दुसरं शीड कुठून आणणार? ती होडी तर केव्हाच जळणात गेली होती.

"उद्यापर्यंत द्या मला, मावशी," एवढंच ती म्हणाली.

दोघं गेल्यावर ती आपली चूक शोधायला बसली. धुतलेल्या कापडाचा तुकडा पुन्हा भिजवून पाहिला. आटला नव्हता. छापलेला कागद पट्टीने तपासला. बरोबर होता. शिवणीत किती दाबलं, तेही मोजलं. तेवढ्यात काळा चष्मा लावलेले जगन मास्तर दुकानाची पायरी चढून आले. डॉक्टरांनी घरी बसायला सांगितलं होतं, पण दुकानाशिवाय त्यांना करमेना.

त्यांनी जाकीट हाताने चाचपलं. "माप कशाने घेतलंस?"

"तुमच्या टेपने."

"आणि कापलंस?"

"संगणकाच्या कागदावरून."

मास्तर खुर्चीत बसले. "माझ्या टेपनं मापलं, तर माझ्याच टेपनं कापायचं. दुसरी मधे आली की काम बिघडतं. मी तुला नियम अर्धाच सांगितला."

"पण का बिघडतं?"

"ते मला कुठं ठाऊक? हिच्या आधीच्या टेपच्या वेळी एकदा बिघडलं, तेव्हापासून केलं नाही."

कीर्तीने मला हातात घेतलं. या खेपेला तिने मला वेगळंच न्याहाळलं. टेबलावर पोलादी पट्टी ठेवली आणि मला तिच्याशेजारी अंथरलं. माझे तीस तिच्या एकतीसवर आले. पट्टी पुढे सरकवली. माझे साठ बासष्टवर आले. मित्रांनो, मला फार शरम वाटली. आता ही मला कचऱ्याच्या डब्यात टाकणार, याची मला खात्रीच होती.

पण तिचा चेहरा उजळला होता. "मास्तर, टेपची चूक दोन्ही वेळा सारखी व्हायची. अंगावर कमी दाखवायची, कापडावर तितकंच जास्त देऊन टाकायची. हिशेब बरोबर जुळायचा. मी तिला अर्ध्या वाटेवर सोडलं. मावशींची छाती पंचेचाळीस नाही, साडेशेहेचाळीस आहे."

"म्हणजे माझी टेप खोटी?" मास्तरांचा आवाज पडला होता.

"खोटी आहे. पण सगळीकडे एकसारखी खोटी आहे. ते फार थोड्यांना जमतं."

मास्तर हसले, काळ्या चष्म्याच्या आत डोळे पुसायला गेले आणि डॉक्टरांची आठवण येऊन हात मागे घेतला. मग दोघं कामाला लागले. किती कमी पडलं, हे आता नेमकं माहीत होतं. शिडाचा तर चतकोरही उरला नव्हता. मास्तर म्हणाले, काखेखालून कमरेपर्यंत कळी घाल, म्हणजे एक उभी पट्टी, आणि बाहीला पुढून गोट लाव. कापड कुठलं, हे त्यांनी सांगितलं नाही. कीर्तीने राखाडी कापड काढलं. दोन्ही कळ्यांची आखणी मास्तरांनी मला टेबलावर धरून केली आणि कीर्तीने शेजारी पोलादी पट्टी ठेवून प्रत्येक आकडा पडताळला.

रविवारी दुपारी जाकीट अंगात गेलं. चेन गळ्यापर्यंत चढली. गुणाबाईंनी हात पुढे केले, वर केले, बाजूला केले. आरशात पाहिलं. तांबूस शिडाच्या दोन्ही अंगांना राखाडी रेघ उतरली होती, मनगटांवर तसाच गोट होता.

"पट्टी घातलीसच," त्या म्हणाल्या.

"घालावी लागली, मावशी. चूक माझी होती. कापड दुसरं नव्हतं."

"पन दिसते तर साधीच."

कीर्तीने शटर अर्धं खाली ओढलं आणि मोबाईलची बत्ती बुधाजींच्या हातात दिली. "काका, डोळ्याजवळ धरा. आता मावशींकडे बघा."

बुधाजींनी बत्ती धरली आणि ते एक पाऊल मागे सरले.

"काय झालं?" गुणाबाई मान वळवून स्वतःकडे पाहत होत्या. "मना काय नाय दिसत."

"तुला नाय दिसायचं," बुधाजी म्हणाले. "मना दिसतेस. बंदरावरनं शिडाच्या कडेला ऊन लागलेलं दिसायचं, तशी."

त्यांनी बत्ती बराच वेळ खाली केली नाही. मग म्हणाले, "जा सोमवारी."

गुणाबाई सोमवारी गेल्या आणि रोज जातात. गेल्या आठवड्यात डब्यात कोलंबी घेऊन आल्या होत्या. सांगत होत्या, एका कंटेनरवाल्याने लांबूनच गाडी हळू केली, बाजूला आला आणि खाली वाकून विचारलं, मावशी, जाकीट कुठून घेतलं? "म्हटलं, पनवेलला ये, आमच्या मास्तरांकडं. पन शीड तुझं तू आन."

माझ्या शेजारच्या खिळ्यावर आता एक नवी टेप आहे. काचतंतूंची, न ताणली जाणारी. तिच्याशी माझं बरं जमतं. माझ्या पाठीवर कीर्तीने पक्क्या शाईने लिहिलं आहे, 'तीस म्हणजे एकतीस'. दर महिन्याला ती आम्हा दोघींना पोलादी पट्टीशेजारी अंथरते. मास्तर अजून माझ्यानेच मापतात, माझ्यानेच कापतात. पितळी टोपीवरचा हिरवा थर कीर्तीने लिंबाने घासून काढला.

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं कुणीतरी असेल. मागे पडणारं घड्याळ, एका बाजूला कललेला तराजू, कुणाचा तरी जुना कोट. आम्ही जुने आहोत म्हणून आम्हाला डोक्यावर घेऊ नका, आणि चुकतो म्हणून लगेच फेकूही नका. आम्ही किती चुकतो आणि कुठल्या बाजूला, तेवढं शांतपणे पाहा आणि आमच्या पाठीवर लिहून ठेवा. बावीस वर्षं मी सगळ्यांना मोजत होते. मला मोजणारं कुणी भेटलं, त्या दिवसापासून मी खरं सांगू लागले.