कॉलेजच्या गेटाबाहेरची सायकल

“आवो, आठवडाभर गेटालाच हुबं ऱ्हायलाव? आत जायाला पाय न्हवतं व्हय?” मल्लव्वा कडाडली.

“बोलीवल्याबिगर आत कसं जायाचं?” तिचा नवरा सोमलिंग भिंतीकडं बगत म्हनला. “कॉलेज हाय ते. सासरवाडी न्हाय.”

त्यांची पोरगी रुद्राणी मधी बसून ज्वारी निवडत हुती. तिनं मान वर केली न्हाय. तिच्या कॉलेजची ॲडमिशनची खिडकी आदल्या दिवशीच बंद झाली हुती.

मित्रांनो, तवा मी दाराशीच हुते. मी सोमलिंगची जुनी सायकल. मौलाच्या सायकलच्या दुकानात माजं अंग जुळलं, एकाचा सांगाडा, दुसऱ्याचं हँडल. लई चकाकायची मी. गल्लीतली पोरं माजी घंटी वाजवायला भांडायची. आता चेन करकरती, तेल कोन घालत न्हाय. ऱ्हाऊ द्या.

सोमलिंग आधी गिरणीत बदली कामगार हुता. बदली म्हंजी रोज गेटाला जाऊन हुबं ऱ्हायाचं. कोन गैरहजर आसंल तर जॉबर, म्हंजी खात्याचा मुकादम, बोट करनार, मग आत. जो आपनहून आत घुसला त्याला परत कवाच बोट न्हाय. सोमलिंग वरसानुवरसं गप हुबा ऱ्हायला आन् कायम झाला. त्याला वाटलं, जगातली समदी गेटं अशीच आसत्यात.

दुष्काळाच्या पुढच्या साली, त्र्याहत्तरला, रुद्राणी अकरावी, म्हंजी तवाची मॅट्रिक, पास झाली. त्या घरातली पहिलीच. सोमलिंगनं दुपारची पाळी मागून घेतली, मला धुतलं, टोपी घातली, पोरीला कॅरियरवर बसवलं आन् कॉलेजच्या गेटाला नेऊन हुबं केलं. रोज.

“अप्पा, पोरं आत जायलीत की.”

“त्यास्नी बोलीवलं आसंल.”

“कोन?”

“गप. सरळ हुबी ऱ्हा. नजरंत भरायला पायजे.”

मला खिडकी दिसत हुती, तिच्यापुढची रांग दिसत हुती. डोस्कं असं तापलं माजं! वाटलं, सरळ आत घुसावं. पन ह्या बाबानं हँडल घट्ट धरलेलं.

शेवटी शिपाई चांदसाब आला. “मामा, रोज बगतोय तुमाला. वाटलं, कोन्या मास्तरची वाट बगताय. ॲडमिशन? ते कालच बंद झालं की!”

“बरं,” सोमलिंग म्हनला. तेवढंच. मला वळवलं आन् घरी आला. मग सुरवातीचं ते भांडण.

दुसऱ्या दिवशी मल्लव्वानं दोघांस्नी परत धाडलं. रुद्राणी एकटीच आत गेली. सोमलिंगचा पाय काय गेटाच्या आत पडला न्हाय. ती लगीच बाहेर आली.

“काय म्हनले?” सोमलिंगनं इचारलं.

“जागा भरल्या. मार्क चांगले हायत म्हनले. आधी का आली न्हाईस, म्हनले.”

“मग तू?”

“काय सांगू? रोज येत हुते म्हनू?”

ती कॅरियरवर बसली. मी घरच्या वाटंला लागले.

आता बी रुद्राणी कॅरियरवर बसती. अक्कलकोट रोडच्या मागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला जाती. पुढच्या जूनच्या ॲडमिशनचं नाव कोन काढत न्हाय.

मित्रांनो, मला तेल घाला, न घाला. पन तुमच्या शाळंच्या गेटाला कोन नुसतंच हुबं दिसलं, तर हसत आत पळू नका. “काय पायजे?” म्हनून इचारा. त्याला हाताला धरून खिडकीपत्तूर न्या. काय जातंय तुमचं तेवढ्यानं? आमच्या गेटातनं किती पोरं गेली, पन एकानं बी...

गिरणीचा भोंगा झाला. बाप-लेक निगाली. जायाला पायजे मला.