भोकातली खुंटी

चढावर क्लच घसरला. इंजिन नुसतंच ओरडत राहिलं आणि जुना छोटा ट्रॅक्टर मागे सरकू लागला. नवऱ्याने जीव खाऊन ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं.

"अगं, दगड लाव!"

शेजारी बसलेल्या बायकोने उडी मारून मागच्या चाकांना दगड लावले आणि ती ट्रॅक्टरखाली शिरली. क्लचखालच्या भोकातून कालपर्यंत तेल गळत होतं. "आज हे कोरडं कसं?" तिने विचारलं.

"मीच खुंटी ठोकली. गळती बंद!" वरून ऐटीत उत्तर आलं.

"अहो शहाणे, तेल बाहेर पडावं म्हणूनच ते भोक असतं! सगळं क्लचच्या प्लेटवर साचलंय, म्हणून तो घसरतोय."

तिने पकडीने खुंटी उपसली. काळं तेल भळाभळा हातावर आलं. तेवढ्यात एक दगड करकरला.

"मी बाहेर येईपर्यंत पाय हलवू नका."

त्याने दोन्ही पाय ब्रेकवर रोवले.