एक वीत डावीकडं

मित्रांनो, आधी हसून घ्या. मी बंदूक आहे, आणि गेल्या सोळा वर्षांत मला बघून हसला नाही असा एकच प्राणी मला भेटला. ती घूस होती. तिला वेळ मिळाला नाही.

मी छर्‍यांची बंदूक. माझ्यात दारू नाही, धूर नाही. मला मधून मोडायचं, म्हणजे पोटातली स्प्रिंग ताणली जाते. मग हरभऱ्याच्या डाळीएवढा शिशाचा छर्रा ठेवायचा, मला परत मिटायचं आणि घोडा ओढायचा. स्प्रिंग सुटते, हवा दाबली जाते, छर्रा जातो. थोडक्यात, मी म्हणजे सायकलचा पंपच, फक्त चिडलेला. पण चीड खरी आहे.

माझा जन्म १९७८ सालचा, म्हणजे विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला त्याच वर्षीचा. दूर उत्तरेकडच्या एका लहान कारखान्यात मी घडले. त्याच छपराखाली पलीकडे शिलाई मशीनचे पाय बनत. आमच्यातली एखादी चुकून तिकडच्या ढिगात गेली असेल, तर आजही कुणी बाई झंपर शिवता शिवता भिंतीला भोक पाडत असेल. तिथल्या मिस्त्रीनं मला तपासलं. दहा छर्रे मारले, दहाही ठिपक्यावर बसले. मी सरळ जन्मले होते. हे लक्षात ठेवा, कारण पुढं कुणीच ठेवलं नाही.

परभणीला मला भुजंग नावाच्या फुगेवाल्यानं घेतलं. तो बाजारात, जत्रेत लाकडी फळीवर फुगे लावायचा आणि पाच छर्‍यांत पाच फोडणाऱ्याला प्लास्टिकचा कंगवा द्यायचा. कंगवे जिवापाड जपायचा. त्यानं पहिल्याच दिवशी पकड घेतली आणि माझ्या नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा दाणा उजवीकडं वाकवला. लोक बारशाला पेढे वाटतात. माझं बारसं पकडीनं झालं.

तेव्हापासून दहा पावलांवरून मी बरोबर एक वीत डावीकडं मारते. भुजंगानं फळीवर दोन फुग्यांमध्ये अंतर ठेवलं दोन विती. म्हणजे नेम फुग्यावर धरला की छर्रा थेट दोघांच्या मधोमध. माणूस तिसरी नापास, पण भूमिती पक्की. त्या फळीवर फुग्यांच्या जागा कोऱ्या करकरीत होत्या आणि मधल्या जागांची चाळणी झाली होती.

सात वर्षं मी बोलणी खाल्ली. रजेवरचा फौजी आला, पैलवान आले, हळदीच्या अंगानं एक नवरदेव आला. मारायचे, चुकायचे आणि म्हणायचे, "बंदूकच बाद हाय." कुणी एवढंही बघितलं नाही की माझे सगळे छर्रे एकाच भोकात जातात. चुकणारी बंदूक चार ठिकाणी मारते. मी कधीच चुकले नाही, मित्रांनो. मी फक्त दुसरीकडं बरोबर होते.

मग १९८५ साली पिंगळीच्या बाजारात पंचफुला आली. पिंगळीपासून कोसभरावरच्या गावातली, घरची दोन एकर जमीन. गावाचं नाव सांगत नाही, उगाच तिथल्या घुशींचं नाव होईल. तिनं मला हातात घेतलंच नाही. ती फळीपाशी जाऊन उभी राहिली.

"काय बघायलीस, बाई? मारायचं तर मार," भुजंग म्हणाला.

"चुकलेलं बघायलीय."

"चुकलेल्यात काय बघायचं?"

"सगळे एकाच जागी कसे काय चुकायलेत, मामा?"

भुजंगानं विषय बदलून कंगव्यांवरची धूळ झटकली.

पंचफुला लहानपणापासून ज्वारीच्या राखणीला गोफण घेऊन माळ्यावर उभी राहिलेली. गोफणीचं असं असतं, की डोळा जिथं लागतो तिथं दगड जात नाही. ज्या त्या गोफणीची एक खोड असते. ती ओळखायची आणि तेवढं सोडून मारायचं. गोफणीला कुणी बाद म्हणत नाही, कारण ती आपणच विणलेली असते. पंचफुलानं मला खांद्याला लावलं, फुगा सोडून एक वीत उजवीकडं बघितलं आणि घोडा ओढला.

फुगा फुटला. सात वर्षांत पहिल्यांदा मी तो आवाज ऐकला आणि आधी घाबरलेच.

त्या दुपारी तिनं अकरा कंगवे जिंकले.

"बाई, तुझे केस तरी किती?" भुजंग रडकुंडीला आला.

"सासू हाय, दोन नंदा हायत. अन् पुढल्या बाजारी जाऊबाई येनाराय."

पुढच्या बाजारी ती लांबून दिसली तेव्हा भुजंग स्वतःच फुग्यांतली हवा सोडायला लागला. तिसऱ्या बाजारी त्यानं हात जोडले. "ही बंदूक घेऊन जा, माय. माझे कंगवे वापस दे." असा माझा सौदा झाला. कंगव्यांच्या बदल्यात विकली गेलेली बंदूक आपल्या जिल्ह्यात दुसरी नसावी. मी हे अभिमानानं सांगते.

पंचफुलाच्या वस्तीत विहाराला लागून एक खोली आहे. वस्तीतली दहा घरं आपलं बियाणं तिथं एकत्र ठेवतात आणि किल्ली पंचफुलाच्या कमरेला असते. त्या खोलीला घुशींनी धर्मशाळा केली होती. मला तिथं आणलं आणि पहिल्याच दिवशी नागनाथ गुरुजी आडवे आले. ते शाळेत मास्तर, रोज संध्याकाळी वंदना घेणारे.

"ताई, विहाराच्या भिंतीला भिंत लागून हाय. पंचशील काय सांगतं? प्राणीहत्या न्हाई."

"गुरजी, मंग औंदा काय पेरायचं? शील पेरायचं का?"

गुरुजी दोन दिवस विचारात पडले. तिसऱ्या दिवशी तोड निघाली, की खोलीच्या आत घुशीला अभय. उंबरठा ओलांडला की तिचं ती बघून घेईल. म्हणून मी कायम दाराबाहेर, कडुनिंबाखाली, उंबरठ्याकडं तोंड करून. भिंतीलगत धावणारी घूस उंबरठ्यावर क्षणभर थांबते, मिशा हलवून वारा घेते. तो क्षण माझा. नऊ वर्षांत त्या खोलीतलं बियाणं कधी कमी भरलं नाही.

आणि रविवार! रविवारी कडुनिंबाला तेलाचे रिकामे डबे टांगायचे आणि बायांनी नेम धरायचा. पंचफुलाचे दोनच नियम होते. एक, भरलेली असो की रिकामी, माझं तोंड माणसाकडं करायचं नाही. दुसरा, चुकलं तर बंदुकीला शिवी द्यायची नाही. सासू सगुणाबाई एका डोळ्यानं अधू होत्या, त्यामुळं नेम धरताना एक डोळा मिटायची त्यांची मेहनत वाचायची. डबा वाजला की त्या आकाशाकडं बघून म्हणायच्या, "अगं बया, मीच का!" सगळं झाड हसायचं. मित्रांनो, मला फुगे फोडायला केलेलं नाही आणि घुशी मारायलाही नाही. मला त्या हसण्यासाठी केलंय, असं माझं मत आहे, आणि मी ते बदलणार नाही.

मग १९९४ चा जानेवारी आला. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागणार, सोळा वर्षं अडवून धरलेला निकाल संक्रांतीला होणार, असं सगळीकडं झालं. गावोगाव तणाव होता. हत्यारं ठाण्यात जमा करा, असा हुकूम सुटला. गावचे पोलीस पाटील किशनराव यांच्याकडं परवान्याची दुनळी बंदूक होती, ती त्यांना जमा करावीच लागणार होती. एकट्यानं जमा करायला त्यांना अवघड वाटलं असावं. त्यांनी यादीत माझं नाव घातलं. नुसतं माझंच नाही, वस्तीतल्या सात गोफणीही घातल्या.

"पंचफुले, आन ती बंदूक," किशनराव दारात येऊन म्हणाले.

"पाटील, आत उन्हाळी भुईमुगाचं बियाणं हाय. शेंगा फोडून ठेवल्यात. कालव्याला पाणी आलं की पेरनी. चार दिसांत घुशी समदं खातील."

"मांजर पाळ."

"मांजर पाळलं व्हतं. घुशीनं मांजरच पळवलं."

किशनरावांनी मला उचललं. त्यांनी तोंड धरलं पंचफुलाकडं. ती हलली नाही, नुसतं म्हणाली, "तोंड खाली करा तिचं. माणसाकडं करायचं नसतं." पाटलांनी खाली केलं. मला वाटतं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

ठाण्यात माझ्या गळ्यात सुतळीनं चिठ्ठी बांधली आणि मला त्या दुनळीशेजारी उभं केलं. तिला तोंडं दोन, पण बोलायला विषय नव्हता. अकरा वर्षांत तिनं फक्त पाटलांच्या घरच्या लग्नांत आभाळाला मारलं होतं. आभाळसुद्धा तिला नीट लागलं होतं की नाही, शंका आहे.

तीन दिवस गेले. मी तिथं ताटकळत होते आणि तिकडं घुशी दहा घरांचा उन्हाळा खात होत्या. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या पुढं पंचफुला आली, बरोबर नागनाथ गुरुजी हातात अर्ज घेऊन. किशनरावही आधीच येऊन बसले होते.

फौजदारांनी यादी वाचली. "गोफणी नग सात? पाटील, उद्या खलबत्ते लिहाल."

"साहेब, काळ कसा हाय बगा. अन् ही बंदूक तर खतरनाक. ही बाई घुशी टिपती म्हनं."

"ठीक. हत्यार आहे का खेळणं, बघून टाकू," फौजदार म्हणाले. "लागलं तर हत्यार, इथंच राहील. जमादार, मारा."

लोकांना मागं सरकवलं. व्हरांड्याच्या कठड्यावर चहापत्तीचा रिकामा डबा ठेवला. त्या डब्याच्या डाव्या हाताला, वीतभरावर, ठाण्याचा पितळी तास टांगलेला होता. पहारेकरी दर तासाला त्यावर ठोके द्यायचा आणि अख्खा बाजार त्यावर चालायचा. जमादार भगवानराव दहा पावलांवर उभे राहिले. डब्यावर अगदी सरळ नेम धरला.

ठण्ण. परत ठण्ण. परत ठण्ण.

तीन वाजले. पहाऱ्यावरच्या शिपायानं पट्टा सोडून टोपी काढली, त्याची पाळी तीनला संपायची. समोरच्या हॉटेलातून चहावाला किटली घेऊन धापा टाकत आला. "माफ करा साहेब, आज ध्यानच न्हाई राह्यलं, जेवण बी केलं न्हाई अजून."

"बंदूकच बाद हाय," भगवानराव म्हणाले.

तेच सात वर्षांचं वाक्य! मला ओरडायचं होतं, की जमादार, जवळ जाऊन बघा, तीन छर्रे एका जागी बसलेत.

"बाई, आता तुम्ही मारा," फौजदार म्हणाले.

किशनराव पुढं सरकून बसले. पंचफुलानं मला खांद्याला लावलं. तिचा गाल मला ठाऊक आहे. आता ती एक वीत उजवीकडं बघणार, डबा उडणार, पाटलांचं तोंड बंद होणार. मार, पंचफुले, मी मनात म्हटलं. दाखव त्यांना आपण कोण आहोत!

ती उजवीकडं सरकली नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिनं डब्यावर सरळ नेम धरला. तिचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते, ते माझ्या दस्त्याला कळत होतं.

ठण्ण. चार वाजले.

चहावाल्यानं किटलीला हात लावून बघितला. "एवढ्यात गार बी झाला का काय!"

किशनराव मांडीवर थाप मारून हसले. "अन् हिच्या भ्यानं आमी यादी केली!"

"यादी तुम्हीच केली, पाटील," फौजदार म्हणाले आणि कागदावर लिहिलं: 'निकामी खेळणे. अर्जदारास परत.'

मग ते तासाजवळ गेले. पितळेवर बोट फिरवलं. छर्रे चार, खूण एकच. त्यांनी पंचफुलाकडं बघितलं. पंचफुला चहाच्या किटलीकडं बघत होती.

"पेरणी कधी, बाई?"

"परवा, साहेब."

"बरं. पेरून घ्या."

तीन दिवसांत घुशींनी एक पोतं संपवलं होतं. नऊ वाचली. मी दोन दिवस दारात बसून राहिले आणि तिसऱ्या दिवशी दहा घरांचं बियाणं जमिनीत गेलं. विद्यापीठाला नाव लागलं, वस्तीत गूळ-खोबरं वाटलं. माझ्या दस्त्यालाही कुणी खोबऱ्याचं बोट पुसलं. दोन्ही लागलं, नाव पण, खोबरं पण.

मार्चात किशनराव स्वतः वस्तीत आले. "पंचफुलाबाई," ते म्हणाले. पंचफुलेची पंचफुलाबाई झाली तेव्हाच मी ओळखलं, की यांच्या कोठारात घुशी झाल्यात. "तेवढं खेळणं द्या दोन दिवस. हरभरा खायल्यात. दाणा वाकडा दिसायलाय, तेवढा लोहाराकडून सरळ करून घेतो."

"बंदूक न्या, पाटील," पंचफुला म्हणाली. "दाण्याला हात लावायचा न्हाई."

"अहो, पण मंग लागनार कशी?"

"ते तिला इचारा."

दोन दिवस पाटलांनी कोठाराच्या भिंतीत एकाच जागी भोक पाडलं. मी मुद्दाम काही केलं नाही. माझं मी नेहमीसारखं काम करत होते. तिसऱ्या दिवशी ते परत आले, मला तोंड खाली करून धरलेलं. "तुमीच चला, बाई."

ती गेली. भांडण घुशीचं आणि तिचं, पाटलांचा त्यात काही संबंध नाही, असं तिचं म्हणणं.

तर मित्रांनो, अशा गोष्टींच्या शेवटी काहीतरी मागायची पद्धत आहे. मी तेल मागते, महिन्यातून एकदा, दोन थेंब. मला ओलीत ठेवू नका. माझं तोंड कुणाही माणसाकडं करू नका, पाटलाकडंही नाही. आणि मला सरळ करू नका. ज्याला माझ्याकडून काम हवंय, त्यानं आधी माझी फळी बघावी, छर्रे कुठं बसलेत ते बघावं आणि स्वतः एक वीत सरकावं. एवढं होत नसेल तर कंगवा विकत घ्यावा.

फौजदारांचा तो कागद पंचफुलानं चौकटीत घालून बियाणाच्या खोलीत लावलाय. 'निकामी खेळणे', सहीशिक्क्यानिशी. मागच्या आठवड्यात एका घुशीनं त्याचा कोपरा कुरतडला. 'निका' एवढंच खाल्लं आणि पाणी प्यायला उंबरठ्याबाहेर आली.

पुढचं तिला वाचता आलं नाही.