वसरामच्या शेडवरचा पत्रा

मी पत्रा. दुपारी माझ्याशी बोलायला कुणी येत नाही, म्हणून आज मीच बोलतो.

जन्म कारखान्यातला. तिथली आठवण एवढीच की तापलो, लाटला गेलो, थंड झालो. पुढं जन्मभर हेच चाललंय, फक्त लाटणं थांबलं.

पहिली नोकरी जवळा बाजारात, गोपीचंदच्या चहाच्या टपरीची भिंत म्हणून. भट्टी अंगाला लागून. पण मी उभा होतो. अंगाजवळची हवा तापली की हलकी होऊन सुळसुळत वर निघून जाई, खालून गार हवा येई. माणसं टेकून बसत आणि शेजाऱ्याची निंदा करत. एकदा माझ्या कडेवर चिमणीनं अंडं घातलं, ते घरंगळत खाली येईस्तोवर उकडलं. बरं, उकडलं नसेल. अर्धकच्चं होतं.

टपरी मोडली तेव्हा डोंगरकड्याजवळच्या तांड्यावरच्या वसरामनं मला उचललं आणि रेशमाच्या शेडवर चढवलं. आता मी उतरता आडवा. पाठीवरची ऊन हवा मोकळी आभाळात जाते. पोटाखालची कुठं जाणार? वर मी आडवा आलेलो. ती माझ्या पोटाला चिकटून हळूहळू चढावर सरकते आणि आढ्याजवळच्या फटीतून बाहेर पडते. फटीवर पावसासाठी टोपीसारखा दुसरा पत्रा आहे. तो स्वतःला फार मोठा समजतो.

खाली रॅकवर अळ्या तुतीचा पाला खात. तो आवाज भुरभुर पावसासारखा. काम सगळं वसरामच्या बायकोचं, शकुंतलाबाईचं. मागच्या खेपेला त्या फटीतून उजी माशी शिरली, अळ्यांच्या अंगावर अंडी घालून गेली आणि सगळी खेप वाया गेली. वसरामनं फटीत गोणपाटं ठासली आणि जाहीर केलं, "हीबी खेप गेली तर तुती उपटून सोयाबीन पेरतो."

एप्रिल आला. अळ्या कोष करायच्या बेतात, आणि एका दुपारी त्यांनी पाला सोडला. पावसाचा आवाज थांबला. वसरामनं माझ्याकडं बघून शिवी दिली. मला सवय आहे.

शकुंतलाबाईनं जुन्या कोषावरचा एक धागा काठीच्या टोकाला बांधला, स्टुलावर चढली आणि काठी माझ्या पोटाशी धरली. वळचणीजवळ धागा चढाकडं पळू लागला. ती काठी सरकवत आढ्यापाशी गेली. तिथं धागा मेल्यासारखा लोंबला.

"अवं, इकडं या. हे खाली पळत होतं, इथं काहून गप पडलं?"

"वारा न्हाई आज."

"मंग खाली काय माझा भाऊ फुंकर घालून राहिला? ताप चढून येतो अन् तुमच्या गोणपाटापाशी कोंडतो. काढा ते."

"काढलं की माशी आली म्हणून समज."

"माशी जाळीनं थांबती. ताप जाळीनं थांबतो का?"

वसरामनं डोकं खाजवलं. "जाळी आणायची कुठून आता? वसमतला जाऊन येईस्तोवर..."

ती घरात गेली आणि त्याची मच्छरदाणी घेऊन आली, कात्रीसकट.

"ही माझी हाय."

"व्हय, तुमचीच. तुमाला मच्छर चावले तर खाजवता येतं. अळीला हात कुठंय?"

गोणपाटं निघाली, तशी माझ्या पोटाखालची हवा सुटली. इतकी जोरात, की वरची टोपी उडून हिंगोलीला पोचली असती. खिळे बळकट म्हणून राहिली. खाली गार हवा दाराच्या जाळीतून आत आली. फटीला जाळी लागली. सांजेला भुरभुर पाऊस पुन्हा सुरू झाला. आठवड्यात कोष झाले, पांढरे, टणक. तुती जागेवर राहिली.

वसराम आता शेजारच्या नेमसिंगला सांगतो, "म्या बराबर ओळखलं, ताप वर कोंडून राहिला." सांगताना दंडावर चापट मारतो.

मला आता कडेनं गंज चढलाय. मागणं एकच. माझ्याखाली लेकरं निजवा, कोंबड्या पाळा, अळ्या वाढवा, पण वर हातभर वाट ठेवा. तापणं माझ्या हातात नाही. वाट ठेवणं तुमच्या हातात आहे.

तो धागा शकुंतलाबाईनं काढला नाही, आढ्याच्या खिळ्याला बांधून ठेवलाय. रोज दुपारी वसराम आत येतो, मला शिवी द्यायला तोंड उघडतो, आधी धाग्याकडं बघतो. धागा हलत असतो. मग तो दंड खाजवत निघून जातो.