ट्रेगिअरच्या दाढीचा अर्ज

मी 'रॅगवर्ट'चा आचारी. आमच्या जातीच्या सगळ्या जहाजांना नौदलानं झाडाफुलांची नावं दिली होती. इतरांना बागेतली फुलं मिळाली आणि आमच्या वाट्याला गुरं खाऊन मरतात ते पिवळं तण आलं. नशीब म्हणतात ते हेच.

आमचा सहा जहाजांचा ताफा होता. हॅलिफॅक्सहून लिव्हरपूलला येणाऱ्या मालवाहू जहाजांच्या कळपाभोवती राखणीच्या कुत्र्यासारखं फिरायचं आणि जर्मन पाणबुड्यांना हुसकायचं, एवढंच काम. जहाज असं लोळायचं की वाटाण्याचं सूप ताटल्यांत कमी आणि माझ्या अंगावर जास्त पडायचं. आणि वर लोक विचारायचे, आज सूप पातळ का?

विल्फ ट्रेगिअर माझा दोस्त. पाण्याखाली आवाज सोडून त्याचा पडसाद ऐकायच्या यंत्रावर तो बसायचा. कान मांजराचे, हनुवटी जवळजवळ नाहीच. म्हणून त्यानं दाढी वाढवायचं ठरवलं. नौदलात ते आपल्या मर्जीनं होत नाही. कप्तानासमोर टोपी काढून उभं राहायचं, अर्ज करायचा, परवानगी मिळाली की वस्तरा ठेवून द्यायचा. पुन्हा गुळगुळीत व्हायचं झालं तर पुन्हा अर्ज. नुसती मिशी ठेवाल तर थेट शिक्षा.

विल्फला दाढी आली ती जुन्या काथ्याच्या पायपुसण्यासारखी, तांबडी आणि जागोजागी विरळ. एक दिवस तिचा केस सुपात सापडला आणि सगळे माझ्या अंगावर आले. त्या फेरीत आमचं एकही जहाज बुडालं नव्हतं. मी चिडून म्हणालो, "गप गिळा रे! त्या दाढीमुळेच जिवंत आहात!"

तोंडातून गेलं ते गेलं. दुसरी फेरीही सुखरूप झाली आणि माझ्या रागाचा धर्म झाला. पहाऱ्यावर जाताना लोक विल्फच्या दाढीला हात लावून जायचे. ताफ्याच्या म्होरक्या जहाजावरून दिव्यानं निरोप यायचा, 'दाढी कशी आहे?' आमचा निशाणवाला उत्तर द्यायचा, 'वाढते आहे.' भर युद्धात, सरकारी दिव्यानं!

आणि नेमकं तेव्हाच विल्फचं लग्न ठरलं.

मुलगी लिव्हरपूलला लागून असलेल्या बूटलची, इडिथ ओल्डरॉइड. वय वर्षं वीस, एकवीस पुरी नाहीत, म्हणजे कायद्यानं आईची सही हवी. आई म्हणाली, सही देईन, पण आधी दाढी काढ. इडिथचा बाप एकोणीसशे पंचवीसला जहाजासकट गेला. त्याचा फोटो चुलीवरच्या फळीवर होता, छातीपर्यंत दाढी. "दाढीवाल्याला समुद्र परत देत नाही," बाई म्हणायच्या. "एक दिला. दुसरा देणार नाही."

विल्फनं अर्ज केला.

"कारण?" कप्तान हॅरग्रीव्ह्जनी विचारलं.

"लग्न, साहेब."

"अभिनंदन. नामंजूर."

"साहेब, पण का?"

"तुझ्या ओळखपत्रावर दाढीचा फोटो आहे. नवा फोटो यायला तीन आठवडे लागतात. गोदीच्या फाटकावर तुला कोण ओळखणार? मी अंधश्रद्धाळू नाही हो, ट्रेगिअर. हा कागदपत्रांचा प्रश्न आहे." एवढं बोलून साहेबांनी दोनदा लाकडी टेबलाला बोट लावलं. मी चहा घेऊन उभा होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

विल्फ काहीतरी करून बसेल म्हणून लोकांनी जहाजावरचे सगळे वस्तरे लपवले. आठवड्यात अख्खं जहाज अस्वलांनी भरलं.

तिसरी फेरी एकेचाळीस जहाजांची. नवव्या दिवशी दुपारी मी जहाज जिथून चालवतात त्या वरच्या मजल्यावर कोको घेऊन गेलो होतो. विल्फ कानाला यंत्र लावून ओरडला, "पडसाद! उजवीकडे!"

पहाऱ्यावरचा अधिकारी म्हणाला, "मासे असतील रे. काल पण मासेच होते."

"मासे असे सरळ रेषेत चालत नाहीत, साहेब."

"तुला लग्नाची घाई झालीये, म्हणून—"

"जहाज वळवा," कप्तान म्हणाले. "त्यानं ऐकलंय ना? वळवा."

जहाज असं वळलं की कोको कप्तानांच्या मांडीवर गेला. आम्ही पाण्यात सुरुंगाची पिंपं सोडली. टॉर्पेडो सुटलाच, पण 'ब्रँटवुड' नावाच्या जहाजामागून हातभर अंतर राखून निघून गेला. पाणबुडी बुडाली की पळाली, कोण जाणे, पण परत आली नाही. एकेचाळीसच्या एकेचाळीस जहाजं लिव्हरपूलला लागली. विल्फच्या दाढीवर त्या दिवशी इतके हात फिरले की तिला चमक आली. त्याच्या कानांना मात्र कुणी विचारलं नाही.

शनिवारी ओल्डरॉइडबाईंकडे चहाला बोलावणं होतं. सोमवारी लग्न, मंगळवारी आम्ही पुन्हा समुद्रावर. सही झाली नाही तर लग्न नाही. विल्फ माझ्या स्वयंपाकघरात येऊन पिठाच्या पोत्यावर बसला.

"सिड, तुझ्याकडे सुरी आहे."

"मटण कापायची आहे, गाढवा! आणि परवानगीशिवाय दाढी काढणं म्हणजे गुन्हा."

"तुझ्याच तोंडानं हे सगळं झालंय."

हे मात्र खरं होतं. मी दार लावलं. साबण म्हणून चरबी चोपडली आणि सुरी चालवली. कितीतरी महिन्यांनी विल्फचा पूर्ण चेहरा दिसला. सोललेल्या बटाट्यासारखा होता, आणि बटाट्यालाही एवढं रक्त येत नाही.

चहाला मीही विल्फबरोबर गेलो. इडिथनं दार उघडलं आणि त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खो खो हसली, आणि हसता हसताच त्याच्या गळ्यात पडली. तेवढ्यावरून मी ओळखलं, पोरगी पक्की आहे.

टेबलापाशी तिचा भाऊ आर्थर बसला होता. आठ महिन्यांनी नुकताच घरी आलेला, मालवाहू जहाजावरचा कामगार. विल्फला तो प्रथमच भेटत होता. बाईंनी विल्फकडे नीट पाहिलं, मान हलवली आणि दौत-टाक आणायला उठल्या.

"कुठल्या जहाजावर रे तू?" आर्थरनं विचारलं.

"रॅगवर्ट."

आर्थरचा चमचा हवेतच राहिला. "आई, आमच्या 'ब्रँटवुड'मागून टॉर्पेडो गेल्याचं मी सांगितलं ना? ते वेड्यासारखं वळलेलं बारकं जहाज म्हणजे रॅगवर्ट! तिथं कुणीतरी दाढीवाला आहे. त्या दाढीला हात लावला की काही होत नाही, असं सगळे म्हणतात. कोण रे तो?"

मी विल्फच्या रक्ताळलेल्या गालांकडे बोट दाखवलं. "होता. तासाभरापूर्वीपर्यंत."

मला राहवलं नाही. "बाई, दाढीची गोष्ट मी उठवली, सुपात केस निघाला म्हणून. ती पाणबुडी यानं ऐकली. अधिकारी मासे म्हणत होता आणि हा नाही म्हणाला. तुमचा मुलगा याच्या कानांमुळे वाचलाय."

ओल्डरॉइडबाईंनी फळीवरचा फोटो उतरवला, ॲप्रननं पुसला.

"अठरा वर्षं मी या दाढीवर राग धरला," त्या म्हणाल्या. "कुणावर तरी धरायला हवा होता ना." मग त्यांनी सही केली. टाक ठेवला आणि करड्या आवाजात विचारलं, "पुन्हा वाढायला किती दिवस लागतील?"

"आई!" इडिथ ओरडली.

"तू गप. मंगळवारी आर्थरपण यांच्याच कळपातून निघतोय. कान तर आहेतच, दाढीपण असू दे. माझं काय जातंय?"

सोमवारी लग्न झालं. मंगळवारी सकाळी गोदीच्या फाटकावर पहारेकऱ्यानं विल्फचं ओळखपत्र पाहिलं, मग विल्फला पाहिलं, आणि बंदूक आडवी धरली.

"हा तू नाहीस."

"मीच आहे हो. दाढी काढली."

"असं जर्मन हेरसुद्धा म्हणेल."

मी साक्ष दिली. तो म्हणाला, आचाऱ्याची साक्ष चालत नाही. तिकडे भोंगा वाजला. जहाज सुटलं आणि हा मागे राहिला तर पळपुटा ठरणार होता. विल्फचा चेहरा पांढराफटक पडला, आणि आता तो लपवायला दाढीही नव्हती.

तेवढ्यात मुलीला घेऊन निरोप द्यायला आलेल्या ओल्डरॉइडबाई गर्दी फाडत पुढे आल्या. एका हातात केकचा डबा, दुसऱ्या हातात छत्री.

"ए, सोड त्याला!" त्यांनी छत्री बंदुकीवर आपटली. "जावई आहे माझा!"

पहारेकऱ्यानं बंदूक खाली केली. तेवढ्यात कप्तान हॅरग्रीव्ह्ज फाटकावर आले. त्यांनी विल्फला एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या बाजूनं.

"चेहरा काही आठवत नाही," ते म्हणाले. "कान मात्र माझ्याच जहाजाचे आहेत. आत घ्या त्याला."

मग त्यांनी खिशातून एक कागद काढून विल्फला दिला. दाढी वाढवायचा अर्ज होता. मंजुरीची सही आधीच झाली होती, फक्त अर्जदाराची राहिली होती.