मी बेडूकवालीची औषधांची पिशवी

मी एका बेडूकवालीची औषधांची पिशवी बोलतेय. रंगाने निळी, चेन पहिल्यापासून जरा हट्टी, आणि पोटात कायम कुणाच्या तरी दुखण्याची सोय. एका शिंप्याने जुन्या तंबूच्या जाड कापडातून मला बेतलं. माझ्यासारख्या बऱ्याच होत्या. आमची सगळ्यांची रवानगी विद्यापीठाच्या दवाखान्यात झाली.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. बाहेर सिस्टर, आत डॉक्टरबाई. परदेशी निघालेली पोरं तिथे यायची ती घोड्यावर बसूनच. कॅमेरा घेतलेला, नवे बूट घेतलेले, केस कापून झालेले. तब्येतीची आठवण सगळ्यात शेवटी. सिस्टर म्हणायच्या, "बॅग हरवली तर दुसरी मिळेल रे राजा. लिव्हर कुठून आणशील?" पोरगा हसेपर्यंत सुई टोचून झालेलीसुद्धा असायची.

बेडूकवाली अशीच एकदा आली. बेडकांचा अभ्यास करायची, म्हणून सगळे तिला त्याच नावाने हाक मारत. दूरच्या एका दलदलीच्या मुलखात ती हंगामभर काम करायला निघाली होती. डॉक्टरबाईंनी लसी दिल्या, पाणी कसं उकळायचं, मच्छरदाणी गादीखाली कशी खोचायची ते सांगितलं, मलेरिया होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या. मग विचारलं, "दुसरं काही औषध चालू आहे? जुनं काही दुखणं?"

"छे हो! ठणठणीत आहे मी."

सिस्टरनी माझ्यात थर्मामीटर, मलम, पट्ट्या भरल्या आणि मला तिच्या हाती सोपवलं.

घरी तिची थोरली बहीण सामान बांधायला बसली होती. बेडूकवालीने एका मोज्यातून गोळ्यांचं पाकीट काढलं आणि हळूच माझ्या तळाशी सारलं. ताईच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"फिट्सचं डॉक्टरांना सांगितलंस ना?"

बेडूकवाली कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"अगं, तुझ्याशी बोलतेय मी."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं? शाळेच्या सहलीला नेलं नाही, कॉलेजच्या ट्रेकला नेलं नाही. दर वेळी तेच, 'तू आराम कर हं बाळा.' मला आराम नकोय, ताई!"

ताईने मलेरियाच्या गोळ्यांच्या खोक्यातला कागद उलगडला. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "फिट्स येणाऱ्यांनी या घेऊ नयेत, असं चक्क छापलंय इथे." मग ती धाकटीजवळ बसली. "तुझ्या वतीने मी काही सांगणार नाही. तू आता लहान नाहीस. पण अशी लपवून गेलीस तर मला घास उतरायचा नाही, एवढं ध्यानात ठेव."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा डॉक्टरबाईंच्या टेबलावर होते. बेडूकवालीने सगळं एका दमात सांगून टाकलं आणि मान खाली घालून बसली.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "बरं झालं आलीस," म्हणाल्या. "तू जाशील. पण या आठवड्यात नाही. तुझ्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलते, मलेरियाच्या गोळ्या बदलू, तिकडची वेळ वेगळी म्हणून तुझं औषध केव्हा घ्यायचं ते ठरवू. आणि बरोबरच्या एकाला तरी हे माहीत हवं. पाण्यात एकटीने पाऊल टाकायचं नाही."

जाणं लांबलं. तिकडे पहिल्या पावसात बेडूक ओरडून गेले, ते तिला ऐकायला मिळाले नाहीत. त्या दिवसांत ती माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही. जणू सगळा दोष माझाच.

अखेर निघाली. बरोबर तिच्याच विभागातला एक उंच मुलगा होता, त्याला सगळे लंबू म्हणत. विमान सुटायच्या आधी तिने अडखळत त्याला सांगितलं. लंबूने विचार केला आणि विचारलं, "मग त्या वेळी मी करायचं काय, ते नीट सांग." बस्स. कीव नाही, उपदेश नाही. तिने त्याला एकेक गोष्ट समजावून सांगितली.

ते विचारलेलं कामी आलं. एका दुपारी गुडघाभर पाण्यात उभी असताना तिच्या हातातली जाळी गळून पडली. लंबूने तिला पडता पडता धरलं, ओढत काठावर आणलं, कुशीवर वळवलं आणि मला तिच्या डोक्याखाली सरकवलं. काठावर जमलेल्या गावकऱ्यांपैकी कुणीतरी तिच्या तोंडात चमचा घालायला धावलं. "तोंडात काही घालू नका!" तो ओरडला. माझ्या कापडाला तिच्या मानेचे झटके कळत होते. हळूहळू ते थांबले. तिने डोळे उघडले.

"बेडूक?" तिने पुटपुटत विचारलं.

"पळाला. तू आहेस ना, पुरे."

दोन दिवस विश्रांती घेऊन, तिकडच्या डॉक्टरांना दाखवून तिने काम पुरं केलं. परतल्यावर मला धुऊन, वाळवून दवाखान्यात आणून दिलं.

आता माझी चेन तुटलीय, सेफ्टी पिनवर निभतंय. प्रवासाला नेण्याजोगी मी राहिले नाही. सिस्टर नव्या मुलांना काय काय न्यायचं ते माझ्यातून काढून दाखवतात. आज समोर एक दांडगा खेळाडू बसलाय. डॉक्टरबाईंनी त्याला तोच प्रश्न विचारलाय, आणि तो "काही नाही" म्हणत खिडकीबाहेर बघतोय.

बाळा, मला तोंड नाही, तुला आहे. सांगून टाक रे.