ऑकलंडला पाच, आमच्याकडे सहा

अकरा वर्षं नाव घातल्यावर माझ्या बहिणीचं, ओलिसाताईचं, न्यूझीलंडला कायमचं राहायला देणाऱ्या सोडतीत नाव निघालं, तेव्हा घरात रडारड झाली. आनंदाची रडारड आणि दुःखाची रडारड यांत आमच्या सामोआत फक्त जेवणावळीला कापायच्या डुकराचा फरक असतो. दुःखाला मोठं लागतं.

मग कळलं, सोडत म्हणजे नुसतं दार. आत जायला मुदतीत तिथली नोकरी दाखवावी लागते. मुदत या शुक्रवारी संपत होती. ऑकलंडच्या एका कोंबड्या कापायच्या कारखान्याने मुलाखत घेऊन सांगितलं होतं, "शुक्रवारी पाचच्या आत फोन करू. तुम्ही 'हो' म्हणालात की कागद लगेच पाठवतो. उचलला नाहीत तर यादीतलं पुढचं नाव."

शुक्रवारी सकाळपासून ताई फोनकडे बघत बसली. दुपारी फेतूआत्या म्हणाली, "असं बघून कधी वाजलाय का तो? चल, कड्यावरचा समुद्राचा फवारा बघून येऊ. पेतेलो, गाडी काढ."

पेतेलो म्हणजे मी. कारणाशिवाय बोलतो, अशी माझी ख्याती आहे.

कड्यावर काळा खडक, खडकाला बिळं, आणि लाट खाली शिरली की बिळातून पाणी माडाच्या वर. तिथे नारळ टाकणारा एक म्हातारा असतो. लाट यायच्या बेतात असताना तो बिळात नारळ टाकतो आणि नारळ आकाशात जातो.

"कुठून आलात?" त्याने विचारलं.

"सालेलोलोगाहून."

"तिथे समुद्र नाही का?"

"आहे की. पण आपल्या जागी राहतो," आत्या म्हणाली.

फोनला रेंज फक्त एका दगडावर मिळत होती. ताई त्यावर चढून हात वर करून उभी राहिली. दोन गोऱ्या प्रवाशांनी आमची काही जुनी प्रथा समजून तिचे फोटो काढले.

"बाईंना कुणाचा फोन यायचाय? नवऱ्याचा?" म्हाताऱ्याने मला हळूच विचारलं.

"कोंबड्यांचा."

त्याने मान डोलावली. त्याहून विचित्र माणसं येत असावीत.

तिचा नवरा मासे धरायला गेला त्याला चार वर्षं झाली. दोन मुलं आमच्याकडेच असतात. एकदाच ताईने हात खाली घेतला आणि उडालेला नारळ शेवटपर्यंत पाहिला. म्हणाली, "आधी पोरांना नेते. मग तुला."

"मला नको. मला कोंबड्यांची दया येते."

"खाताना येत नाही ती!"

ती हसली. दिवसातलं तेवढंच.

ओहोटी लागली, फवारा गुडघ्याएवढा झाला. साडेपाच वाजले. "रस्त्याला लागू, गावात रेंज चांगली असते," मी म्हणालो. ही माझी अक्कल. ऑकलंडला पाच म्हणजे आमच्याकडे सहा, हे तिघांनाही पाठ होतं. सहाच्या सुमाराला काय असतं, हे कुणालाच आठवलं नाही. कारण ते रोजच असतं.

तिसऱ्या गावात शंख वाजला. लुंग्या नेसलेली चार पोरं रस्ता अडवून उभी राहिली. प्रार्थनेची वेळ. पुन्हा शंख वाजेपर्यंत माणूस, गाडी, कुत्रं, कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. मी इंजिन बंद केलं. आत्याने डोळे मिटले. घराघरांतून गाणं सुरू झालं.

सहाला आठ मिनिटं कमी असताना फोन वाजला.

रेंज खरोखरच चांगली होती.

ताईने आत्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी चर्चमध्ये विनोद करणारा माणूस. मला वाटलं, आता मी हात घालीन, उचलीन, ओरडेन. मी स्टिअरिंग धरून बसलो. रस्त्यातल्या एका पोराने वळून पाहिलं. आत्याने डोळे न उघडता फोनवर तळहात ठेवला. ताईने तो हात काढला नाही. तळहाताखाली फोन वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजला, थांबला.

दुसरा शंख झाला तेव्हा सहा वाजून चार मिनिटं झाली होती. ताईने त्याच नंबरावर उलट फोन लावला. स्पीकरवर एक गोड बाई बोलली. कचेरी बंद आहे, सोमवारी उघडेल, अख्ख्या कोंबडीसाठी एक दाबा, तुकड्यांसाठी दोन.

"सोमवारी सांगू ना नीट," आत्या म्हणाली. "तेही प्रार्थनेलाच बसले असतील."

"मुदत आज होती, आत्या."

आत्याने तळहात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

ताईने एक दाबलं. मग दोन. नोकरीसाठी आकडाच नव्हता. तरी तिने नऊपर्यंत सगळे दाबले, आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता, आणि मी अजून स्टिअरिंग धरून बसलो होतो.